दुकानाच्या व्यवस्थेतील नवा कप्पा

आपल्या वडोदऱ्याचा लीलो चेवडो सर्वांच्या परिचयाचा आहे. हा ओलसर पदार्थ कोरड्या चिवड्याइतका टिकत नाही. म्हणून तो घरपोच विकणाऱ्यास वेळेचे भान ठेवावे लागते. समजा, मांडवीजवळच्या एका गृहोद्योगाने इंटरनेटवर दुकान थाटले आणि दुपारी दोनपर्यंत आलेली मागणी त्याच दिवशी पाठविण्याचा नियम केला. नवरात्रात रस्त्यांवर गर्दी होते. तेव्हा हीच वेळ बाराची करावी लागते. एवढ्या बदलासाठी मालकिणीने दर वेळी प्रोग्रामरची वाट पाहावी काय? तोवर दिलेले वचन मोडेल आणि मालही वाया जाईल.

अशी अनेक दुकाने वर्डप्रेस या व्यवस्थेवर उभी असतात. तिला जोडलेले वूकॉमर्स हे प्लगइन 2011 साली निघाले. किंमत, कर, पाठवणी यांचे नियम ठरविण्यासाठी त्यात निरनिराळे कप्पे असतात. त्यांस टॅब म्हणतात. आपल्या नियमासाठी तेथे आणखी एक टॅब जोडता येतो. वूकॉमर्सचा प्रोग्राम सर्वांस वाचावयास खुला असल्याने त्याच्याच फायलींत चार ओळी घुसडण्याचा मोह होतो. परंतु प्लगइनची नवी आवृत्ती येते तेव्हा जुन्या फायली बदलल्या जातात आणि आपल्या ओळी नाहीशा होतात.

ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. 1910 साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस वडोदऱ्यास पाचारण केले. त्या काळी जगभर प्रसार पावत असलेल्या आधुनिक ग्रंथालयशास्त्रात सुट्या कार्डांच्या सूचीला मोठे महत्त्व होते. बांधीव वहीत मधे नवे नाव घालावयाचे तर खाडाखोड करावी लागते. कार्डांच्या पेटीत मात्र एक कार्ड सरकविले की काम झाले, इतर कार्डांस हात लागत नाही. वूकॉमर्सच्या कर्त्यांनीही बाहेरून जोडणी करण्यासाठी अशा जागा राखून ठेविल्या आहेत. त्यांस हुक म्हणतात.

आपण एक छोटे, स्वतंत्र प्लगइन लिहावे. त्याची कामे चार. पहिले, टॅबांची यादी फिल्टर नावाच्या हुकमधून घेऊन तीत आपल्या टॅबचे नाव घालणे व संपूर्ण यादी परत करणे. ती परत न केल्यास मूळचे टॅबही दिसेनासे होतात. दुसरे, आपला टॅब उघडताच त्यातील रकाना दाखविणे. रकान्याचा प्रकार, शीर्षक, आरंभीचे मूल्य आणि ओळखनाम आपण सांगावे. मांडणी वूकॉमर्स करते. ओळखनामापुढे आपल्या प्लगइनचे संक्षिप्त नाव जोडावे, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या नोंदीशी गल्लत होत नाही. तिसरे, मालकिणीने बटण दाबताच मूल्य जतन करणे. तत्पूर्वी ते शून्य ते तेवीस या मर्यादेतील पूर्णांक आहे, हे पारखून घ्यावे. दोनऐवजी चुकून बावन्न लिहिले गेले, तर दुकानाने ते निमूटपणे मान्य करू नये.

चौथे काम नवशिका बहुधा विसरतो. टॅब दिसला आणि आकडा जतन झाला, एवढ्याने नियम अंमलात येत नाही. गिऱ्हाईक मागणी नोंदविते त्या ठिकाणी हे मूल्य वाचून, दुकानाच्या घड्याळाशी ताडून, 'आज पाठवू' किंवा 'उद्या पाठवू' असे सांगणारा भाग लिहावाच लागतो. वर्डप्रेसमध्ये भारतीय वेळ निवडलेली आहे ना, हेही पाहावे. नाहीतर येथील दुपारचे दोन हे ग्रीनिच वेळेप्रमाणे सकाळचे साडेआठ गणले जातील.

हे सर्व प्रथम आपल्या संगणकावरील चाचणीच्या दुकानात करून पाहावे. नंतर एखाद्या जाणत्या गृहिणीस तो टॅब उघडून देऊन वेळ बदलावयास सांगावे. आपण काहीही समजावून न सांगता तिला ते जमले, तर आपला प्रयोग सफल झाला असे मानण्यास हरकत नाही. तिच्या व्यवसायाचा निर्णय तिच्या हाती राहावा, यासाठीच तर हा सारा खटाटोप आहे.