बाळाची बाटलीही आडवी करू या

दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान करून महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत, वस्त्यांत बायकांनी बाटली आडवी केली. आज आम्ही दुसऱ्या एका बाटलीबद्दल बोलणार आहोत. ती दारूची नाही, दुधाची आहे आणि आपल्याच घरात, बाळाच्या उशाशी असते.

गेल्या पावसाळ्यात वस्तीत फिरताना आम्हाला दोन वर्षांची एक मुलगी भेटली. अंगाने गुबगुबीत, पण ओठ आणि तळवे पांढरेफटक. चार पावलं चालली की आजीच्या कडेवर. भाकरी बघितली की तोंड फिरवायची. आई सकाळी सहाला धुण्याभांड्याच्या कामाला जायची. आजी दिवसाला पाच-सहा बाटल्या द्यायची, दूध संपलं की चहाची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७ च्या जरा वर. या वयात ते किमान ११ हवं. आजी म्हणाली, "अगं बाई, दूध तर पोटभर पितीय. मग रक्त कसं कमी?"

हाच प्रश्न आम्हाला घरोघरी विचारला जातो. दुधात लोह फार कमी असतं. पोट दुधानेच भरलं की बाळाला भूक लागत नाही आणि ज्यातून रक्त वाढतं ते अन्न पोटात जातच नाही. वर चहा दिला तर अन्नातलं लोहही नीट अंगी लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या दर १०० मुलांपैकी सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सगळा दोष बाटलीचा नाही, पण बाटलीमुळे त्यात भर पडते.

दुसरं, दात. बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या बाळाच्या दातांवर गोड दूध रात्रभर साचतं आणि वरचे पुढचे दात आधी किडतात. आडवं पडून प्यायल्याने कान फुटण्याचा धोकाही वाढतो. तिसरं, जुलाब. नळाला तासभर पाणी, तेही पिंपात साठवलेलं. तिथे दर वेळी बाटली आणि बोंडी घासून उकळणार कोण? बोंडीच्या खाचेत दूध राहतं, त्यात जंतू वाढतात. स्टीलचा पेला मात्र साबणाने दोन मिनिटांत स्वच्छ होतो.

आम्ही आईला दोष देत नाही. कामावर गेलं नाही तर चूल पेटत नाही, म्हणून बाटली घरात येते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, ही त्यांची भूमिका होती. आजही घरकाम करणाऱ्या आपल्या बहिणींना पगारी रजा मिळत नाही. तो लढा चालूच राहील. शिवाय १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला देशात बंदी आहे, हेही लक्षात ठेवा.

आता बाटली सोडवायची कशी? सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करतानाच छोट्या पेल्याने घोटभर पाणी पाजायला लागा. बाळ वर्षाचं झालं की बाटली कमी करायला घ्या आणि दीड वर्षापर्यंत पूर्ण बंद करा. बाळ मोठं असलं तरी उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका.

एकदम हिसकावू नका. बोंडीला मिरची किंवा कडू काही लावू नका. इथे मध्यम मार्गच चालतो. आधी दुपारची बाटली बंद करा आणि ते दूध पेल्यात द्या. चार-पाच दिवसांनी संध्याकाळची, मग सकाळची. रात्रीची सगळ्यात शेवटी. बाळाला बसवून पाजा, पेला अर्धाच भरा. सांडेल, रागावू नका. नळीचा किंवा चोचीचा महागडा कप घ्यायची गरज नाही. रात्री जेवण झाल्यावर पेल्याने दूध द्या, दात पुसा, मग थोपटत एखादं भीमगीत गुणगुणा. तीन-चार रात्री रडारड होईल, मग सवय मोडते. बाळ तापाने किंवा जुलाबाने आजारी असेल तर थोडं थांबा.

वर्षानंतर दिवसाला दोन पेले, म्हणजे ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरे. बाकी भूक अन्नाने भागवा: वरणात कुस्करलेली भाकरी, नाचणी, मोड आलेली मटकी, अंडं, मऊ शिजवलेली कलेजी, नीट निवडून शिजवलेली सुकट. वर लिंबू पिळा, लोह चांगलं अंगी लागतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना सरकारी योजनेतून लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा मिळतं. अंगणवाडी ताईंकडे किंवा आशा ताईंकडे मागा. आणि एक गैरसमज नको: बाटली सोडवायची आहे, अंगावरचं दूध नाही. ते दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवा.

बाळ पांढरं दिसत असेल, माती खात असेल किंवा पिताना दर वेळी ठसकत असेल, तर घरी प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवा.

त्या मुलीला डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं. बाटली सुटायला तीन आठवडे लागले. आजीनेच सोडवली. आता ती स्वतःचा पेला घेऊन पंगतीत बसते आणि आजीच्या ताटातला बोंबीलही मागते.

आमची एवढीच विनंती: पुढच्या वेळी नामकरणाला जाल तेव्हा बाटलीचा सेट भेट देऊ नका. बाळाचं नाव कोरलेला स्टीलचा छोटा पेला द्या.

जय भीम.