मामांचे हात खरेच मंदावले का?

समजा तुमचे मामा १९९२-९३ साली शाळेत होते. शाळा सुटली की व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये जाऊन ते 'स्ट्रीट फायटर टू' खेळत. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९१ साली काढलेला हा द्वंद्वयुद्धाचा खेळ. एक दांडा, सहा बटणे आणि निवडायला आठ योद्धे. मामा त्यात पटाईत होते. पुढे नोकरी आली, संसार आला, खेळ सुटला. आता तीस वर्षांनी ते भाच्याबरोबर त्याच मालिकेतला २०२३ सालचा 'स्ट्रीट फायटर सिक्स' खेळायला बसतात आणि ओळीने दहा डाव हरतात. "जाऊ दे रे, वय झालं आता. हात चालत नाहीत," असे म्हणून मामा उठतात.

मामांचे हे निदान बरोबर आहे का? प्रयोग करून पाहू या.

३० सेंटिमीटरची एक फूटपट्टी घ्या. भाच्याने ती वरच्या टोकाला उभी धरावी. मामांनी खाली शून्याच्या खुणेपाशी अंगठा व तर्जनी, पट्टीला न टेकवता, उघडी ठेवावीत. भाच्याने न सांगता पट्टी सोडावी व मामांनी ती चिमटीत पकडावी. पट्टी किती घसरली ते वाचा. गुरुत्वाकर्षणाच्या नियमानुसार वस्तू ०.२ सेकंदात सुमारे २० सेंटिमीटर पडते आणि २५ सेंटिमीटर पडायला तिला जवळजवळ ०.२३ सेकंद लागतात. म्हणजे पट्टी हे आपले घड्याळच झाले! दहा वेळा करून सरासरी काढा. हा मामांचा प्रतिक्रियाकाल. मग भाच्याचाही काढा.

मामांचा आकडा बहुधा थोडा जास्त येईल. पण किती? या खेळात पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. पट्टीवरचा २० आणि २५ सेंटिमीटरमधला फरक जेमतेम दीड फ्रेमचा आहे. दहा डाव हरायला तेवढे कारण पुरेसे नाही.

आता दुसरी गोष्ट पाहा. र्यू या योद्ध्याचा सर्वांत चपळ ठोसा चौथ्या फ्रेमला, म्हणजे सुमारे ०.०७ सेकंदात लागतो. आपला प्रतिक्रियाकाल बारा फ्रेमच्या आसपास. तेव्हा हा ठोसा पाहून अडवणे मामांनाच काय, भाच्यालाही शक्य नाही! मग भाचा कसा अडवतो? ठोसा येण्याची वेळ आणि अंतर त्याला सवयीने कळते, म्हणून तो आधीच दांडा मागे ओढून बसलेला असतो. वेगवान गोलंदाजाचा चेंडू खेळणारा फलंदाजही असेच करतो.

उलट, 'ड्राइव्ह इम्पॅक्ट' नावाचा जबर फटका यायला २६ फ्रेम, म्हणजे ०.४३ सेकंद लागतात. तो दिसताच आपणही तोच फटका मारला तर डाव उलटतो. वेळ दुपटीने आहे, तरी मामा फसतात. असे का?

आता भाच्याने दोन्ही हातांत एकेक पट्टी धरावी, मामांनी दोन्ही चिमट्या तयार ठेवाव्यात. दोहोंपैकी कोणतीही एकच पट्टी सोडायची. या वेळी ती जास्त घसरेल, कधी निसटूनही जाईल. हात तेच, डोळे तेच. वाढली ती निवड. पर्याय वाढले की प्रतिक्रियाकाल वाढतो, हे इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ हिक यांनी १९५२ साली दाखवून दिले. जुन्या खेळात लक्ष ठेवायच्या गोष्टी कमी होत्या. नव्या खेळात सहा भागांचा 'ड्राइव्ह'चा साठा आहे. तो हल्ल्याला लागतो, बचावालाही लागतो आणि संपला की योद्धा दुबळा होतो. मामा एकाच वेळी दहा पट्ट्यांवर नजर ठेवत आहेत!

म्हणून मामांना सांगा: पट्ट्या कमी करा.

एकच योद्धा निवडा. र्यूच घ्या, खाली, तिरपे, पुढे आणि ठोसा, हा अग्निगोळ्याचा मंत्र अजून तसाच चालतो. सायकलप्रमाणे हाताने शिकलेले सहसा पुसले जात नाही. बोटे अडखळलीच तर 'मॉडर्न' पद्धत घ्या. तिच्यात एक दिशा व एक बटण पुरते, मात्र अशा फटक्याचा जोर थोडा कमी असतो.

सरावाच्या खोलीत समोरच्या बाहुल्याला फक्त ड्राइव्ह इम्पॅक्ट मारायला लावा आणि दहा मिनिटे तेवढेच परतवा. ते अंगवळणी पडले की बाहुल्याला दुसरी एक चाल शिकवा, आणि दोन्ही सरमिसळ येऊ द्या.

डाव खेळताना एका संध्याकाळी एकच गोष्ट मोजा. आज उड्या मारून येणाऱ्याला किती वेळा खाली पाडले, एवढेच वहीत लिहा. जयपराजय लिहू नका. हरलेला डाव पुन्हा पाहा. बहुतेक फटके हात हळू म्हणून नव्हे, तर बचाव करायच्या वेळी बटण दाबले म्हणून बसलेले दिसतील.

शिक्षकांनी हे दोन्ही प्रयोग वर्गात जरूर करून घ्यावेत आणि एका पट्टीचा व दोन पट्ट्यांचा आलेख शेजारी शेजारी काढायला सांगावा. आणि मामा पुन्हा "वय झालं" म्हणून उठू लागले, तर त्यांच्यापुढे फूटपट्टी धरा!