हृदयाची लय आणि रोझरीचा श्वास

हृदय घड्याळासारखे एकसारखे ठोके देते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. श्वास आत घेताना निरोगी हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना मंदावते. भाऊच्या धक्क्याहून आलेल्या लाँचमधून मोरा बंदरात उतरून आपण चालू लागलो की नाडी जलद होते. घरी विसावल्यावर ती पूर्ववत होते. हे नियमन स्वायत्त मज्जासंस्था आपल्या नकळत करीत असते. तिची एक शाखा हृदयाला वेग देते, तर दुसरी, मुख्यतः व्हेगस मज्जातंतूद्वारे, त्याला आवर घालते.

हृदयविकाराचा झटका आल्यावर किंवा हृदय दुर्बल झाल्यावर हा आवर अनेकदा क्षीण होतो आणि ठोक्यांमधील अंतर फारसे बदलेनासे होते. चोवीस तासांच्या होल्टर नोंदीवरून हा चढउतार मिलिसेकंदांत मोजता येतो. १९८७ साली अमेरिकेत डॉ. क्लायगर व सहकाऱ्यांनी झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा चढउतार ५० मिलिसेकंदांहून कमी होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका १०० हून अधिक असलेल्यांच्या तुलनेत पाचपटीहून जास्त आढळला.

आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना विशेष वाटावा असा एक अभ्यास २००१ च्या डिसेंबरमध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. इटलीतील डॉ. लुचियानो बर्नार्दी यांनी २३ निरोगी व्यक्तींना लॅटिनमधून रोझरी म्हणावयास लावली. तसाच एक मंत्रही जपावयास लावला. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहा इतका संथ झाला. रक्तदाबानुसार हृदयगती सावरणाऱ्या यंत्रणेची स्वतःची लयही सुमारे दहा सेकंदांची असते. दोन्ही लयी जुळल्याने ती यंत्रणा अधिक संवेदनक्षम झाली. पुढे २००२ साली त्यांनीच ८१ हृदयदौर्बल्याच्या रुग्णांमध्ये केवळ संथ श्वसनाचा असाच तात्कालिक परिणाम नोंदविला.

याचा अर्थ रोझरीने हृदयविकार बरा होतो, असा मात्र नव्हे. पहिला अभ्यास निरोगी माणसांचा होता, दुसरा अल्पकाळाचा. प्रार्थना आपण आरोग्यासाठी नव्हे, श्रद्धेने करतो. ती घाईने न उरकता शांतपणे म्हटल्यास शरीरालाही विसावा मिळतो, एवढेच आम्ही म्हणू.

हल्ली मनगटी घड्याळेही हा आकडा दाखवितात. वय, झोप, ताप आणि औषधे यांनुसार तो बदलतो. म्हणून शेजाऱ्याच्या आकड्याशी आपली तुलना करू नये. शिवाय, एट्रिअल फिब्रिलेशनसारख्या विकारातही ठोके अनियमित पडतात. तो चढउतार आरोग्याचे लक्षण नव्हे.

आकडा सुधारला म्हणून गोळ्या बंद करू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज चालावे, तंबाखू सोडावी. आणि छातीत दाब, घाम वा धाप जाणवल्यास श्वास मोजत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठावे, ही आमची सर्व वाचकांना कळकळीची विनंती आहे.