खामगावचा ट्रंक कॉल आणि वकिलीचा पेपर

वकिलीचा पेपर देऊन बाहेर आलेली पोरं एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो असा : "सगळं आठवत होतं रे, पण त्यानं नेमकं विचारलं काय होतं?"

करार कायद्यातला एक नेहमीचा प्रश्न घ्या. 'अ'ने अहमदाबादहून फोनवर माल मागितला, 'ब'ने आपल्या गावातून "देतो" म्हटलं. माल आला नाही. दावा कुठल्या गावच्या कोर्टात लावायचा? देशभरातले विद्यार्थी या प्रश्नावर डोकं खाजवतात. त्यातला 'ब' मात्र आपल्या बुलडाणा जिल्ह्यातला, खामगावचा.

२२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादची एक पेढी आणि खामगावची केडिया जिनिंग फॅक्टरी अँड ऑईल मिल्स यांच्यात ट्रंक कॉलवर सरकी ढेपेचा सौदा झाला. ढेप मिळाली नाही म्हणून पेढीने अहमदाबादच्या न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा ठोकला. केडियांचं म्हणणं, आम्ही होकार खामगावात दिला, करार खामगावचा; मग अहमदाबादला खेटे का घालायचे? भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. 'भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल' हे त्याचं नाव आणि ३० ऑगस्ट १९६५ ही निकालाची तारीख.

गोची अशी की करार कायदा १८७२चा, आणि टेलिफोनचं पेटंट १८७६चं. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे टपाल होतं. होकाराचं पत्र पेटीत पडलं की प्रस्ताव देणारा बांधला जातो, असं चौथं कलम सांगतं. मग फोनवरचा होकार बोलला तिथे पुरा होतो की ऐकला तिथे? न्या. वांछू आणि न्या. शहा म्हणाले, फोनवरचं बोलणं समोरासमोर बसून बोलल्यासारखं, तेव्हा होकार ऐकू आला तिथे करार, म्हणजे अहमदाबाद. एकेकाळी नागपुरात वकिली केलेले न्या. हिदायतुल्ला अडून बसले. कलमाचे शब्द वाचा, होकार तोंडातून सुटला की तो परत घेता येत नाही, म्हणून करार खामगावचाच. खामगाव दोन विरुद्ध एक असं हरलं.

आता पेपरात नुसतं 'अहमदाबाद' लिहिणाऱ्याला किती गुण द्यावेत? माझ्या मते फार थोडे. जिथे तीन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही, तिथे परीक्षक एका शब्दाचं उत्तर मागत नसतो. वाद कुठे आहे, कलम काय म्हणतं, निवाडा काय झाला आणि कोणती गोष्ट बदलली तर उत्तर फिरेल, हे त्याला हवं असतं. फोनऐवजी पत्र असतं तर? प्रस्तावच खामगावहून गेला असता तर?

यातला दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. आधी प्रस्ताव कोणी दिला, यावरही या खटल्यात वाद होताच. खालच्या न्यायालयाने तो अहमदाबादहून आल्याचं ठरवलं, त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. प्रश्नपत्रिकेत ही एक ओळ गाळून "फोनवर सौदा झाला, चर्चा करा" एवढंच छापलं, तर हुशार विद्यार्थीही हात टेकेल, आणि तो दोष त्याचा नव्हे. कायद्यातला गुंता पेपरात यायलाच हवा. पेपर काढणाऱ्याच्या आळसाचा गुंता कशासाठी? मराठी माध्यमाच्या मुलाला तर घाईघाईचं भाषांतरही सोसावं लागतं. करारातल्या 'कन्सिडरेशन'ला 'प्रतिफल' म्हणायचं तिथे 'विचार' छापलं की संपलंच.

ही रडगाणी नव्हेत. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या 'क्लॅट' प्रवेश परीक्षेतले सदोष प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. ७ मे २०२५ रोजी अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने प्रश्न ज्या बेफिकिरीने काढले गेले त्याबद्दल खेद व्यक्त केला.

परीक्षेला बसणाऱ्यांनी एक करावं. केडिया खटल्याचं निकालपत्र सर्वोच्च न्यायालयाच्या 'ई-एससीआर'वर फुकट वाचायला मिळतं. गाईड बाजूला ठेवा आणि हिदायतुल्लांचं हरलेलं मत आधी वाचा.