जुनी वेगवान मोटार घेतांना

ऑक्टोबर 2010 मध्यें औरंगाबाद शहरांतील व्यापारी, कारखानदार, डॉक्टर अशा मंडळींनीं एकत्र येऊन एकाच सौद्यांत 150 मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या, आणि सुमारें 65 कोटि रुपयांच्या या व्यवहाराची वार्ता देशभर पसरली. मराठवाडा म्हणजे केवळ दुष्काळ अशी ज्यांची समजूत होती त्यांना तिचें मोठें नवल वाटलें. खुद्द गांवच्या लोकांना तितकेंसें वाटलें नाहीं. वाळूजला बजाज कंपनीचीं वाहनें पुष्कळ वर्षांपासून तयार होत होतीं, शेंद्र्याला 2001 सालीं स्कोडा कंपनीचा कारखाना निघाला होता, आणि मोटारीच्या अंतरंगाविषयीं अधिकारानें बोलणारा एखादा तरी गृहस्थ येथें प्रत्येक आळींत सांपडत होता. 2023 सालीं शहराचें नांव छत्रपती संभाजीनगर झालें. मोटारीची आवड मात्र होती तशीच राहिली आहे.

या आवडीला अलीकडे एक नवी वाट फुटली आहे. नवी वेगवान मोटार ज्याच्या आवांक्याबाहेर आहे असा सुशिक्षित नोकरदार किंवा लहान कारखानदार सात-आठ वर्षें वापरलेली, पण एके काळीं नामांकित असलेली गाडी शोधूं लागला आहे. त्याच्या मनांत पुष्कळदां दोन नांवें घोळत असतात. एक 2017 सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आर.एस. व दुसरी 2015 सालीं या देशांत विक्रीस आलेली ऑडी टी.टी. पहिली चार दरवाजांची, दिसण्यांत घरंदाज. दुसरी दोन दरवाजांची, बुटकी आणि अंमळ नखरेल. नवी असतांना पहिलीची किंमत सुमारें साडेचोवीस लाख होती आणि दुसरीची साठ लाखांच्या वर. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारांत हें अंतर पुष्कळच कमी होतें, आणि घोटाळा नेमका तेथेंच सुरू होतो; कारण साठ लाखांची वस्तु स्वस्तांत मिळते आहे या विचारानें माणसाचें डोकें फिरण्यास वेळ लागत नाहीं.

वास्तविक या दोन गाड्या परक्या नाहींत. दोघींचा जन्म एकाच जर्मन उद्योगसमूहांत झाला, दोघींचा सांगाडा एकाच मूळ आराखड्यावर बेतलेला आहे, आणि दोघींच्या बोनेटखालीं एकाच कुळांतलें दोन लिटरचें टर्बो पेट्रोल इंजिन आहे. शक्तिही सारखीच, 230 अश्वशक्ति. तेलांत बुडालेल्या दोन क्लचांवर आपोआप बदलणारे सहा गिअरही दोघींना सारखेच. सख्ख्या नव्हेत, तरी चुलत बहिणी म्हणावयास हरकत नाहीं. फरक इतकाच कीं, ऑक्टाव्हियाची शक्ति केवळ पुढच्या दोन चाकांना मिळते, तर टी.टी.ची गरजेप्रमाणें चारी चाकांना, आणि टी.टी. लांबीला आखूड व वजनाला हलकी आहे. म्हणून उभ्या अवस्थेंतून ताशीं 100 किलोमीटरचा वेग गांठण्यास टी.टी.ला 5.3 सेकंद पुरतात, ऑक्टाव्हियाला 6.8 लागतात. कमाल वेग दोघींचाही ताशीं 250. शिवाय ऑक्टाव्हिया शेंद्र्याच्याच कारखान्यांत जुळविली गेली, टी.टी. परदेशांतून तयार होऊन आली.

आतां हा दीड सेकंद रस्त्यावर किती उपयोगी पडतो, हें पाहूं गेल्यास हिशेब निराळाच निघतो. समृद्धि महामार्गावर मोटारींना ताशीं 120 किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगानें गाडी एका सेकंदांत सुमारें 33 मीटर जाते. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला असें धरलें, तर ते 33 मीटर फुकट गेले. त्यापुढें कोरड्या रस्त्यावर आणि उत्तम टायरांवर थांबण्यास आणखी सुमारें 70 मीटर लागतात. एकूण 100 मीटरांहून अधिक. हाच वेग 200 केला, तर हें अंतर दुप्पट न होतां अडीचशें मीटरांच्या घरांत जातें, कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. याच महामार्गावर वैजापूरजवळ 15 ऑक्टोबर 2023 रोजीं एक मिनिबस मालट्रकवर मागून आदळून 12 प्रवासी ठार झाले. तेव्हां गाडी किती लौकर पळूं लागते यापेक्षां ती किती लौकर आणि किती सरळ थांबते, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. चारी चाकांना शक्ति देणारी यंत्रणा गाडीला निघण्यास साह्य करते, थांबण्यास नव्हे. ही साधी गोष्ट विक्रेता सांगत नाहीं आणि गिऱ्हाईक विचारीत नाहीं.

याचा अर्थ त्या यंत्रणेचा उपयोगच नाहीं असा मात्र नव्हे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगांवकडे जातांना, किंवा दौलताबादहून खुलताबादकडे चढतांना, श्रावणांतल्या पावसानें रस्ता निसरडा झालेला असतो. अशा वळणांतून बाहेर पडतांना पाय जरा जास्त दाबला गेला, तर ऑक्टाव्हियाचीं पुढचीं चाकें क्षणभर नुसतींच फिरतात व गाडीचें नाक वळणाच्या बाहेर ओढलें जातें. टी.टी.मध्यें हीच शक्ति मागच्या चाकांकडेही वांटली जाते आणि गाडी रस्त्याला चिकटून राहते. जाणत्या चालकाला यांत जो आनंद मिळतो, तो खोटा नाहीं. परंतु वर्षांतून असे दिवस किती, आणि जालना रस्त्यावरच्या वाहतुकींत अडकून पडण्याचे किती, हेंही मोजलें पाहिजे.

शहरांतील रस्ते हा तर स्वतंत्रच विषय आहे. ऐतिहासिक दरवाजांच्या अरुंद कमानींतून समोरासमोर आलेलीं वाहनें, गल्लोगल्लीं लोकांनीं स्वतःच्या मर्जीनें घातलेले गतिरोधक, आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे यांतून टी.टी. नेणें म्हणजे नव्या पैठणीनें भाजीबाजारांत फिरण्यासारखें आहे. तिचें पोट जमिनीजवळ असतें व पुढचें बंपर गतिरोधकाला लागण्याची धास्ती सदैव राहते. ऑक्टाव्हिया आर.एस.ही साध्या ऑक्टाव्हियापेक्षां किंचित् खालीं बसविलेली आहे, हें विसरूं नये. पाहण्यास गेल्यावर प्रथम गाडी लिफ्टवर चढवून तिच्या पोटावरील ओरखडे पाहावे. कमी जाडीच्या टायरांना खड्ड्याचा धक्का सोसत नाहीं, त्यांच्या कडेला फुगवटा येतो, चाकाची रिंग वांकते. टायरच्या बाजूला चार आंकड्यांचा शिक्का असतो. पहिले दोन आंकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवितात. 2319 असें असेल, तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला. नक्षी नवी दिसली तरी असें म्हातारें रबर उन्हाळ्यांत महामार्गाच्या तापलेल्या काँक्रिटवर भरंवशाचें नसतें.

उष्णतेचा परिणाम इंजिनावरही होतो. टर्बो म्हणजे इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरणारा एक लहानसा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबतो, म्हणून लहान इंजिन मोठ्याचें काम करतें. परंतु हवा दाबली कीं तापते, आणि मे महिन्यांत ती मुळांतच चाळीस अंशांच्या वर असते. तापलेली हवा विरळ, शिवाय तिच्यामुळें पेट्रोल अवेळीं पेटण्याचा धोका. म्हणून गाडीचा संगणक आपण होऊन शक्ति कमी करतो. कागदावरील 230 अश्व दुपारीं एक वाजतां पुरते हजर नसतात, आणि हें दोन्ही गाड्यांना सारखेंच लागू आहे. 2025 पासून पंपांवर सर्वत्र मिळूं लागलेल्या वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलाचाही विचार करावा. इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षां कमी असल्यानें गाडी लिटरमागें थोडें अंतर कमी काटते. आणि या दोन्ही गाड्या त्यापूर्वींच्या असल्यामुळें इंधनाच्या नळ्या व रबरी भाग तपासून घ्यावे, तसेंच पेट्रोलच्या झांकणाच्या आंतली उत्पादकाची सूचना वाचावी.

घरांतील माणसांचा प्रश्न थोडक्यांत सुटतो. टी.टी.च्या मागच्या बैठकीवर लहान मुलांखेरीज कोणी बसूं शकत नाहीं. वृद्ध आई-वडिलांना तींत चढविणें-उतरविणें ही एक कसरत आहे. ऑक्टाव्हियांत पांच माणसें बसतात, आणि 590 लिटरच्या डिकींत लग्नाचें सामान मावतें. घरीं दुसरी गाडी असेल तरच टी.टी.चा विचार करणें शहाणपणाचें.

खर्चाच्या बाबतींत मूळ किंमतीची आठवण ठेवावी. गाडी जुनी झाली म्हणजे तिची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. इंजिन व गिअर एकाच कुळांतले असल्यानें ऑक्टाव्हियावर हात बसलेला कारागीर टी.टी.च्या इंजिनालाही बुजत नाहीं, पण टी.टी.चा दिवा फुटला किंवा दरवाजा चेपला, तर तो भाग परदेशांतून यावा लागतो, आणि 2023 सालीं तर या गाडीचें उत्पादनच थांबलें. मागच्या चाकांना शक्ति पोंचविणाऱ्या क्लचचें तेल ठराविक मुदतीनें बदलावें लागतें, तें पुष्कळ मालक विसरतात. गिअरपेटीचें तेल दोघींनाही 60,000 किलोमीटरला बदलावें लागतें. ज्या गाडीच्या सेवापुस्तकांत ही नोंद नाहीं, तिची किंमत त्या मानानें कमी धरावी.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाहीं. या इंजिनांच्या संगणकांतील आज्ञावलि बदलून शक्ति वाढविण्याची हौस तरुण मालकांत फार आहे. अशी गाडी पहिल्या फेरींत मोहून टाकते, आणि मागाहून क्लच, टर्बो यांचें बिल नव्या मालकाच्या हातीं देते. विकण्यापूर्वीं मूळ आज्ञावलि परत भरली, तरी कंपनीच्या यंत्रांत पुष्कळदां तिची खूण राहते. म्हणून अधिकृत सेवाकेंद्रांत तपासणी करून घेण्यास जो विक्रेता नकार देतो, त्याच्याशीं सौदा तेथेंच संपवावा. समुद्रकांठच्या शहरांतून आलेल्या गाडीचा आसनपट्टा पूर्ण बाहेर ओढून पाहावा व गालिच्याखालीं बोट फिरवावें. पुराच्या पाण्याचा गाळ तेथें लपून राहतो. परराज्यांतील गाडी असल्यास तेथील ना-हरकत दाखला आणि महाराष्ट्रांत नव्यानें भरावा लागणारा कर हे सौद्याआधींच हिशेबांत धरावे. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद पुस्तकावर असावी.

हें सर्व लक्षांत घेतां, एकाच गाडीवर ज्याचा संसार चालतो त्यानें ऑक्टाव्हियाच घ्यावी, यांत फारसा संशय राहत नाहीं. टी.टी. ही रविवारीं पहांटे वेरूळपर्यंत एकट्यानें जाऊन येणाऱ्या माणसाची गाडी आहे, आणि तसा माणूस असेल तर त्यानें ती जरूर घ्यावी, मात्र पहिल्या मालकाकडून आणि सर्व नोंदींसह. सौद्यापूर्वीं कोणतीही गाडी थंड इंजिनावर सुरू करून पाहावी. विक्रेत्यानें ती आधींच तापवून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें. मग दौलताबादच्या दरवाजांतून, खुलताबादच्या चढणीनें वेरूळपर्यंत एक फेरी करावी, रेडिओ बंद ठेवून. परत आल्यावर इंजिनाखालीं रात्रभर एक पांढरा पुठ्ठा पसरून ठेवावा. या इंजिनाच्या पाण्याच्या पंपाची पेटी झिरपण्याचा दोष प्रसिद्ध आहे, आणि सकाळीं त्या पुठ्ठ्यावर गुलाबी किंवा जांभळट डाग दिसला, तर किंमतीचें बोलणें पुन्हां पहिल्यापासून सुरू करावें.