शक्तिमान वीरालाही झोप लागत नाही

परवा रात्री दवाखाना बंद करायच्या वेळी भाईंदरचे एक गृहस्थ आले. वय साठीच्या पुढे. तक्रार जुनीच, झोप लागत नाही. गोळी लिहून देणार, तोच ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नातवाच्या मोबाइलवर एक मालिका पाहिली. त्यातला तो वीर माझ्यासारखाच दचकून उठतो हो!"

मग सगळे बाहेर आले. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी ते आणि त्यांचे मित्र लोकलने घरी येत होते. "तू पहिल्या वर्गात चढ, मी मागे बसतो," असे यांनीच मित्राला सांगितले. मीरा रोड-भाईंदरच्या दरम्यान त्या डब्यात स्फोट झाला. त्या दिवशी पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, १८० हून अधिक माणसे गेली. "मीच त्याला पाठवलं," हे वाक्य त्यांनी इतकी वर्षे कुणालाही सांगितले नव्हते. पहिल्या वर्गाच्या डब्यात ते पुन्हा कधी चढले नाहीत.

१९९७ साली दूरदर्शनवर आलेला 'शक्तिमान' शेवटी मुलांना चांगल्या सवयी सांगायचा. आताचे वीर स्वतःच्या जखमा दाखवतात. ही मालिका २०२१ ची, 'द फाल्कन अँड द विंटर सोल्जर'. तिचा नायक बकी याच्याकडून परक्यांच्या ताब्यात असताना खून झालेले असतात. तो जमिनीवर झोपतो, भयंकर स्वप्ने पाहतो आणि मानसोपचार करणाऱ्या बाईंना मात्र "स्वप्ने पडत नाहीत" असे खोटेच सांगतो. हे अगदी खरे आहे. पुष्कळ रुग्ण असेच लपवतात. परंतु सहा भागांत तो बराचसा सावरतो, तेवढे मात्र खरे मानू नये. उपचाराला महिने लागतात.

आणखी एक फरक आहे. बकीच्या हातून खून झाले होते. आमच्या गृहस्थांच्या हातून काहीच झाले नव्हते. तरीही मन दोष शोधते, कारण "माझे चुकले" हे मानणे "हे कुणाच्याच हातात नव्हते" यापेक्षा सोपे वाटते. वाचलेल्यांना छळणारा हा अपराधीपणा आजाराचाच भाग असतो.

वाचकहो, मोठ्या आघातानंतर दुःस्वप्ने, दचकणे, त्या जागा टाळणे, चिडचिड हे महिन्याहून जास्त टिकले तर डॉक्टरांना दाखवा. बोलण्याची उपचारपद्धती आणि गरजेप्रमाणे औषधे, दोन्हींचा गुण येतो. झोपेसाठी दारूचा आधार घेऊ नका. घरच्यांनी "विसरून जा" म्हणू नये आणि खोदून खोदून विचारूही नये. सांगावेसे वाटेल तेव्हा ऐकावे. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचे नाव ऐकून बिचकण्याचेही कारण नाही. तिथे दाखवून त्याच दिवशी घरी येता येते.

मी गोळी लिहिली नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. पहिल्या भेटीला नातू सोबत गेला होता. झोप अजून पुरती आलेली नाही. पण मित्राच्या घरी मात्र ते पहिल्यांदाच जाऊन आले.