फाटकाच्या आतील वाहतूक

मुंबईच्या कर्नाक बंदरातील लोखंडाच्या व्यापारास पर्याय म्हणून सिडकोने पनवेलनजीक वसविलेला कळंबोलीचा लोखंड बाजार घ्या, एखाद्या धरणाचे आवार घ्या, किंवा साखर कारखान्याचे. तेथे मालाचा पुष्कळसा प्रवास एका गोदामापासून दुसऱ्या गोदामापर्यंत, म्हणजे हाकेच्या अंतराचाच असतो. हाच माल हमरस्त्याला लागावयाचा असता, तर त्यावर साखळ्या चढल्या असत्या आणि ताडपत्रीही पडली असती. परंतु ‘इथल्या इथे तर न्यायचे आहे’ या एका वाक्यापुढे सारा बंदोबस्त शिथिल होतो, आणि बांधणी कोणी करावयाची हा प्रश्न चालक, मुकादम व गोदामाचा कारकून यांपैकी प्रत्येक जण उरलेल्या दोघांवर सोपवून मोकळा होतो.

कायद्यानेही या समजुतीस नकळत हातभार लावला असावा. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाने, केवळ कारखान्यात वा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनविलेले वाहन ‘मोटार वाहन’ या संज्ञेतूनच वगळले आहे. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी कारखाने अधिनियमात घातलेल्या कलमाने, आवारातील मालाची हाताळणी व वाहतूक निर्धोक ठेवण्याची जबाबदारी भोगवटादारावर टाकली होती. तेव्हा फाटकाच्या आत कोणीच जाब विचारणारा नाही, असे मानण्यास आधार नव्हता.

याहून खोल रुजलेला भ्रम असा की, जड माल आपल्या वजनानेच जागी बसून राहतो. वजन वाढले की घर्षण वाढते हे खरे. पण गाडी थांबताना त्या मालास थोपवून धरण्यास लागणारे बळही त्याच प्रमाणात वाढत असल्यामुळे, एक टनाची पेटी आणि पत्र्याची वीस टनांची गुंडाळी या बाबतीत सारख्याच बेभरवशाच्या ठरतात. लोखंडावर लोखंड ठेवले असता घर्षणाचा गुणांक साधारणतः ०.२ भरतो. ताशी २० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी चालकाने करकचून ब्रेक लावल्यास सुमारे तीन मीटरांत उभी राहते. हौद्यावरील मोकळा लोखंडी माल मात्र थांबण्यापूर्वी एकंदर आठ मीटर जाऊ पाहतो, म्हणजे हौद्यावरून जवळजवळ पाच मीटर पुढे घसरतो. पुढे चालकाची केबिन असते. पत्र्यास तेल लावलेले असेल, तर हा हिशेबही उदारच म्हणावयाचा.

यावर उपाय आहेत, व ते महागही नाहीत. मालाखाली रबरी चटई घातली, तर तोच गुणांक ०.६ च्या घरात जातो. माल पुढच्या भिंतीस भिडवावा, आणि मध्ये जागा राहिलीच तर ती लाकडी ठोकळ्यांनी भरून काढावी. गुंडाळी पाचरींमध्ये बसवावी; नळांच्या दोहों बाजूंस खुंटे असावेत, आणि वरची रास खुंट्यांच्या माथ्यापलीकडे जाऊ देऊ नये. वरून टाकलेल्या पट्ट्याविषयी मात्र पुष्कळांचा गैरसमज असतो. तो माल खाली दाबून घर्षण वाढवितो, एवढेच त्याचे कार्य; आणि हौद्याशी त्याचा कोन ३० अंशांचा झाला, तर ताणापैकी निम्माच जोर मालावर पडतो. पत्र्यांच्या बसक्या थप्पीवर असा पट्टा कितीही आवळला, तरी तो शोभेचाच राहतो. तेथे साखळी मालालाच अडकवून हौद्याच्या कड्यांशी खेचावी लागते.

बांधणी सोडण्याचा क्षण तर बांधण्याहूनही नाजूक. आवारातील खड्डे, उतार आणि वळणे यांतून वाटेत सरकलेली नळांची रास कित्येकदा एका साखळीच्या किंवा फाळक्याच्या आधारावरच तोललेली असते, आणि खाली उभ्या हमालास ते दिसत नाही. म्हणून जाणता मुकादम प्रथम गाडीभोवती फिरून माल कोणीकडे कलला आहे ते पाहतो, त्या बाजूची माणसे दूर करतो, आणि क्रेनच्या आकड्याने भार पेलून धरल्यावरच शेवटची साखळी ढिली करू देतो. मजुरीचा हिशेब खेपांवर होत असल्याने या विलंबाबद्दल त्यास बोलणी खावी लागतात, ती गोष्ट वेगळी.